अरण्याला प्रतिनिधी चालतो काय?



गेल्या चातुर्मासात तळोद्याकडच्या एका पुनर्वसन वसाहतीत आमचे कीर्तन झाले. दुसऱ्या दिवशी गावात रोपे लावण्याचा कार्यक्रम होता, म्हणून वृक्षांवर बोला असे मंडळींनी आधीच सांगून ठेवले होते. आम्हीही रंगून बोललो. एक झाड तुटले तर दहा लावा, दहा तुटली तर शंभर लावा, म्हणजे देणे फिटले, असे आम्ही ठासून सांगितले. आरती झाली, प्रसाद वाटला, माणसे पांगू लागली. तेव्हा मंडपाच्या खांबाला टेकून बसलेले एक म्हातारेबाबा उठून जवळ आले. ते मूळचे मणिबेलीचे.

"महाराज, एक विचारू का?"

"विचारा की, बाबा."

"आमच्या डोंगराचा मोह पाण्यात गेला. त्याच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावली म्हणतात. लावली असतील. पण त्या झाडांखाली सकाळी वेचायला काय पडते?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. "पांडुरंग सगळे पाहतो आहे, बाबा," असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. बाबांनी हात जोडले आणि ते निघून गेले. रात्री अंथरुणावर पडलो, पण प्रश्न काही उठून जाईना. मंडपात जे उत्तर द्यायचे राहिले, ते या लेखात देण्याचा यत्न करीत आहोत.

ज्यांनी नर्मदेची परिक्रमा केली आहे त्यांना मणिबेली सांगायला नको. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदेच्या काठचे हे गाव. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ इथलेच, आणि भोवतालचे अरण्य म्हणजे शूलपाणीची झाडी. देवाच्या नावाने देऊळ ओळखले जाते हे ठीकच. पण इथे जंगलही देवाच्याच नावाने ओळखले जाई. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावे आली, त्यांत मणिबेली पहिले. पाणी घरात शिरले तरी जागा सोडणार नाही, असे म्हणून १९९० नंतरच्या पावसाळ्यांत इथली माणसे बसून राहिली. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी देशोदेशीच्या संस्थांनी एकत्र येऊन केली, तेव्हा त्या जाहीरनाम्याला या लहानशा गावाचेच नाव दिले गेले. पुढे धरण १३८.६८ मीटरपर्यंत चढले आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. जुने देऊळ पाण्यात गेले. देवासाठी गुजरातेत गोऱ्याजवळ नवे देऊळ बांधले गेले. देवाची सोय झाली. झाडीचे काय?

झाडीसाठी सरकारदरबारी नियम आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून ही रीत पडली की, जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला घेतली तर तेवढ्याच वनेतर जमिनीवर, किंवा ते न जमल्यास दुप्पट उजाड वनजमिनीवर, झाडे लावून द्यायची. सरदार सरोवराखाली तिन्ही राज्यांची मिळून तेरा हजार हेक्टरांहून अधिक वनजमीन गेली. त्यांत महाराष्ट्राची सुमारे साडेसहा हजार. तिच्यासाठीही अशी अट होती. म्हणजे राज्यानेही आमच्या कीर्तनातलाच हिशेब मांडला होता: तोडले तितके, किंवा दुप्पट, लावा.

आता हा प्रश्न नवा आहे असे कोणी समजू नये. मूळ वस्तू नाहीशी झाली तर तिच्या जागी दुसरी चालेल काय, याचा खल आमच्या मीमांसकांनी फार बारकाईने केला आहे. लहानपणी पाठशाळेत गुरुजींनी जैमिनींच्या सहाव्या अध्यायातला हा विचार आम्हाला शिकवला, तेव्हा तो केवळ यज्ञापुरता आहे असे वाटले होते. त्याचा उपयोग साठीनंतर असा होईल हे कुठे ठाऊक होते!

शास्त्र म्हणते, प्रतिनिधी चालतो. यज्ञाला व्रीही, म्हणजे साळीचा तांदूळ, सांगितला आहे. तो मिळाला नाही किंवा मध्येच नासला, तर नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारे देवभात, घ्यावे. कर्म अर्धवट टाकू नये. पण ही मुभा देताना शास्त्राने चार कुंपणे घातली आहेत. पहिले, प्रतिनिधी मुळाच्या जास्तीत जास्त जवळचा हवा. व्रीही नाही म्हणून उडीद घेतले तर ते चालत नाही. ते यज्ञाला वर्ज्यच आहेत. दुसरे, नीवार हाती घेतले तरी मंत्र व्रीहीचाच म्हणायचा. हाती दुसरे आहे, पण मनात मूळच आहे, याचा विसर पडू द्यायचा नाही. तिसरे, द्रव्याला प्रतिनिधी आहे, पण देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही, क्रियेला नाही. आणि चौथे, यजमानाला प्रतिनिधी नाही. ज्याला फळ हवे, त्यानेच "हे माझे नव्हे" म्हणून त्याग करायचा. फळ आपण घ्यायचे आणि त्याग शेजाऱ्याकडून करवायचा, असा यज्ञ शास्त्राला ठाऊक नाही.

ही कुंपणे ध्यानात ठेवून पुढे चला. पण त्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे, कारण या बाबतीत आम्ही कोरे नाही.

१९८६ सालची गोष्ट. आमच्या गावच्या देवळाला चौदा आंब्यांची आमराई होती. देवळाला पक्का सभामंडप हवा होता आणि पैसा नव्हता. आंबे विकावेत असे ठरले. गावात कुरबूर झाली, तेव्हा पंचांनी आम्हाला उभे केले. आम्ही पंचविशीतले, नुकतेच नाव होऊ लागलेले कीर्तनकार. त्या काळी निलगिरीचा बोलबाला होता: लवकर वाढते, गुरे खात नाहीत, राखण लागत नाही, बल्लीला भाव येतो. रोपेही फुकट मिळत होती. आम्ही कीर्तनात सांगितले, "अहो, चौदा जातात, पण चारशे येतात! देव तोट्यात आहे की नफ्यात?" लोक हसले, पटले. आंबे गेले, निलगिरी उभी राहिली. सभामंडप झाला. त्याच मंडपात आजही आमचे कीर्तन होते.

आमराईत एका म्हाताऱ्या आंब्याला ढोली होती. तिच्यात पिंगळ्याची जोडी राही. आम्ही काकड्याला पहाटे जायचो, तेव्हा त्यांचे किचकिच चाललेले असे. आणि गावातली एक विधवा बाई, आम्ही तिला मावशी म्हणत असू, उन्हाळ्यात गळलेल्या कैऱ्या वेचून बाजारात नेई. झाडाखाली पडेल ते वेचणाऱ्याचे, अशी गावची जुनी रीत. निलगिरी उभी राहिल्यावर मावशी एकादशीच्या कीर्तनाला येईनाशा झाल्या. आम्ही विचारले, "मावशी, रुसलात काय?" त्या म्हणाल्या, "रुसू कशाला, बुवा? पण तुमच्या झाडांखाली वेचायला काय हाय, सांगा!" तेव्हा आम्ही हसण्यावारी नेले. पुढे मावशी गेल्या. आणि तोच प्रश्न इतक्या वर्षांनी, दुसऱ्या मुलखातल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडून आमच्यापुढे उभा राहिला. देव एकदा विचारतो, उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारतो.

यावर कोणी म्हणेल, मग निलगिरी हे पापी झाड म्हणायचे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. ज्या कागदावर आपण पोथ्या आणि मासिके छापतो, त्याच्या लगद्यात निलगिरी असते. गरिबाच्या घराला तिचा वासा आहे, सर्दीला तिचे तेल आहे. झाडाला पाप नसते. शिवाय हे झाड त्याच्या स्वतःच्या घरी कसे नांदते, ते आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे.

आमचा एक भाचा सिडनीला असतो. २०१८ साली तिथल्या मराठी मंडळींनी कीर्तनाला बोलावले, तेव्हा त्याने आम्हाला शहराच्या पश्चिमेला डोंगर दाखवायला नेले. ते राष्ट्रीय उद्यान आहे, १९५९ पासूनचे. आसपासच्या रानांसह तो सारा दहा लाख हेक्टरांचा मुलूख २००० साली जागतिक वारसा ठरला. त्या डोंगरांच्या इंग्रजी नावाचा अर्थ विचारला, तर भाचा म्हणाला, "निळे डोंगर, मामा." आम्ही चकित झालो. म्हणजे नीलगिरीच की! आपल्याकडे तमिळ मुलखातल्या नीलगिरी पर्वतावर १८४३ च्या सुमारास हे झाड लावले गेले, आणि त्यावरून मराठीत झाडाचेच नाव निलगिरी पडले. तिकडे त्याचे माहेरही निळा डोंगरच निघाला. पानांतल्या तेलाची वाफ हवेत मिसळते, म्हणून दुरून डोंगर निळे दिसतात, असे तिथे सांगतात.

पण आम्हाला नावाहून निराळेच नवल वाटले. निलगिरी म्हणजे एकच झाड, अशी आमची समजूत. त्या रानात तिचे नव्वदाहून अधिक प्रकार आहेत. कुठे आभाळाला टेकलेली, कुठे कड्यावर खुरटलेली. कोआला नावाचा अस्वलासारखा दिसणारा, पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी तिचीच पाने खाऊन जगतो. झाडावरून झाडावर तरंगत जाणारा एक मोठा केसाळ प्राणी आहे. तोही तिच्याच पानांवर जगतो आणि दिवसा तिच्याच ढोलीत झोपतो. भाच्याने एका प्रचंड खोडातली ढोली दाखवून विचारले, "मामा, ही व्हायला किती वर्षे लागली असतील?" आम्ही म्हटले, "दहा, वीस?" तो म्हणाला, "या मुलखात सुतारपक्षी नाही. फांदी मोडते, बुरशी धरते, वाळवी आतून पोखरते, तेव्हा हळूहळू पोकळी होते. मोठ्या प्राण्याला पुरेल एवढी ढोली व्हायला शंभर वर्षांहून अधिक लागतात."

तिथे उभ्या उभ्या आम्हाला आमची चारशे झाडे आठवली. तीच जात. पण आमच्याकडे तिचे पान खाणारे कोणी नाही, आणि आठव्या वर्षी आपण ती तोडतो. जिला शंभर वर्षांनी ढोली यायची, तिला आपण दहा वर्षेही उभी राहू देत नाही. मग पिंगळा कुठे राहणार? दोष निलगिरीचा म्हणावा तर तिच्या माहेरी तिच्या अंगाखांद्यावर एवढे जग नांदते आहे. स्वधर्माची गोष्ट गीतेत माणसाला सांगितली आहे. त्या दिवशी ती झाडालाही लागू पडते असे आम्हाला वाटले.

आता पुन्हा सातपुड्यात येऊ, कारण तिथेही एका ढोलीची गोष्ट आहे. रानपिंगळा म्हणून एक घुबडाच्या कुळातला लहान पक्षी आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता कोणालाच लागला नव्हता. जाणकारांनी तो गेला असे धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तीन अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला, ११३ वर्षांनी! आणि तो दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला. तो अंडी घालतो झाडांच्या ढोलीत, आणि जुनी झाडे असतील तिथेच टिकतो. याच मुलखात, तळोद्याच्या बाजूला, धरणाने उठवलेल्या लोकांना वसवण्यासाठी सुमारे ४,२०० हेक्टर जंगल मोकळे केले गेले. वसलेल्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांना जमीन हवीच होती, आणि कुऱ्हाड त्यांनी मागितली नव्हती. पण हिशेब पाहा. एक अरण्य पाण्याने गेले, त्याची माणसे वसवायला दुसरे अरण्य कुऱ्हाडीने गेले, आणि दोहोंच्या नावाने वहीत रोपे मांडली गेली. देशाच्या वनसर्वेक्षणात एक हेक्टर जमिनीवर दहा टक्के सावली दिसली की ते वनाच्छादन धरतात. मग तिथे सागाचे रान असो, निलगिरीच्या रांगा असोत, की कोणाची आंब्याची बाग असो. त्या वहीत रानपिंगळ्याची ढोली आणि आमची चारशे झाडे एकाच रकान्यात बसतात.

पूर्वपक्ष दुबळा मांडू नये, असे गुरुजी सांगत. म्हणून तोही नीट मांडू. कच्छ आणि सौराष्ट्र तहानलेले होते, हे खोटे नाही. कोसभरावरून हंडा आणणाऱ्या बायांना नळ मिळाला, तर तेही पुण्यच. धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे; आमच्या कीर्तनाचा ध्वनिक्षेपक त्यातल्याच विजेवर चालत नसेल असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मोठ्या कामात काहीतरी जायचेच. गेले त्याच्या जागी काही न लावण्यापेक्षा लावलेले बरे. हे सगळे आम्हाला मान्य आहे.

पण शास्त्राची कुंपणे आठवा. पहिले, जवळिकेचे. मोहाच्या जागी मोह, साग, धावडा, टेंभुर्णी, चारोळी लावली, तर ते व्रीहीच्या जागी नीवार झाले. एकाच परक्या जातीच्या रांगा लावल्या, तर ते उडीद झाले. दुसरे, स्मरणाचे. लावलेल्या झाडांना वहीत वन म्हणून लिहिले की मूळ वन पुसले जाते. नीवार घेऊन व्रीहीचा मंत्र म्हणणाऱ्याला आपली उणीव माहीत असते. वहीला ती माहीत नसते. तिसरे, क्रियेचे. ढोली ही वस्तू नाही, ते काळाचे काम आहे. शंभर पावसाळे, वाळवी, सुतारपक्षी, मोडलेली फांदी यांनी मिळून केलेली ती क्रिया आहे. क्रियेला प्रतिनिधी नाही. पैसे टाकून रोप आणता येते, रोपाचे वय आणता येत नाही.

आणि चौथे कुंपण सर्वांत कठीण. फळ ज्याचे, त्याग त्याचा. मणिबेलीत पाणी एकाला मिळाले आणि "हे माझे नव्हे" असे म्हणावे लागले दुसऱ्याला. आमच्या गावातही तसेच झाले. मंडप आमचा झाला, कैऱ्या मावशीच्या गेल्या. मावशीला विचारले नव्हते. त्या यज्ञाचे यजमान आम्ही, आणि बळी मावशी. चौदा आणि चारशे यांची बेरीज-वजाबाकी करताना हा आकडा आम्ही धरलाच नव्हता.

परंपरा सांगते की विठोबाची मूर्ती एकदा विजयनगराला नेली होती. तिथे देऊळ केवढे, वैभव केवढे! तरी नाथबाबांचे पणजोबा भानुदास महाराज गेले आणि देवाला पंढरीस परत घेऊन आले. भव्य देवळाने वाळवंटाची जागा भरून निघाली नाही, कारण पंढरी म्हणजे नुसता दगडी गाभारा नव्हे. चंद्रभागा आहे, पुंडलिक आहे, वाट तुडवत येणारा वारकरी आहे. देवाचीही जागा त्याच्या नात्यांनी होते, मग मोहाची, पिंगळ्याची आणि मणिबेलीच्या बाबांची जागा कशाने होत असेल?

तर आमचा निर्णय असा. अरण्य तोडल्यावर झाडे लावावीत, अवश्य लावावीत, पण ती प्रायश्चित्त म्हणून, फेड म्हणून नव्हे. प्रायश्चित्त घेणारा मान खाली घालून लावतो आणि पुढच्या वेळी कुऱ्हाड उचलताना थांबतो. फेड झाली असे मानणारा पुढच्या वेळी अधिक मोकळ्या हाताने तोडतो. "एकाच्या जागी दहा" हे वाक्य आम्ही जन्मभर कीर्तनात वापरले. त्याने किती कुऱ्हाडी हलक्या केल्या असतील, कोण जाणे. ते वाक्य आम्ही आजपासून टाकले.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर तरीही उरतेच. बाबा, त्या झाडांखाली वेचायला काही पडत नसेल, तर ते तुमच्या मोहाचे प्रतिनिधी नाहीत. मोह लावला असेल, तरी तो फुलायला वर्षे लागतील, आणि तोवर तुमची सून चैत्रात पहाटे कुठे जाईल, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. ते ज्यांनी फळ घेतले त्यांनी द्यायचे आहे. आणि त्यांत आम्हीही आलो. येत्या चातुर्मासात पुन्हा त्या वसाहतीत जाऊन, त्याच मंडपात, आम्ही हे चारचौघांत सांगणार आहोत.

आमच्या गावी २००९ साली निलगिरीची खुंटे उपटली आणि आंबा, मोह, वड, उंबर लावले. आंब्याला आता कैऱ्या धरतात. त्या देवळाने विकायच्या नाहीत, पडतील त्या वेचणाऱ्याच्या, असा ठराव पंचांनी केला आहे. मावशींची नात वेचायला येते. ढोली अजून एकाही झाडाला नाही. ती आमच्या हयातीत व्हायची नाही. पिंगळाही परतला नाही.

वारकरी मंडळींना एकच विनंती. आषाढीच्या वाटेवर ज्या जुन्या झाडाखाली तुमची दिंडी विसाव्याला टेकते, त्याच्या खोडाकडे एकदा वर पाहा. ढोली दिसली तर तिथे कोणाचे घर आहे ते विचारा, आणि त्या झाडाला खुणेचा रंग लागलेला दिसला तर गावच्या पंचांना, रस्ता करणाऱ्यांना, जो भेटेल त्याला विचारा की वाट थोडी वळवता येईल काय. "आम्ही दहा लावू" असे ते म्हणाले तर हात जोडून सांगा, "लावा, माउली. पण हे राहू द्या."

राम कृष्ण हरी.